बाग, रान आणि 'सार्वजनिक' : बोरीवलीच्या निमित्ताने

१

आपल्या साहित्यात पाणवठा आला, देवळाची पायरी आली, शाळेच्या वर्गाबाहेरचा ओटा आला, गावकुसाबाहेरचा वाडा आला. माणसे शहरात आली तशी चाळ आली, झोपडपट्टी आली, फुटपाथ आला. बाग मात्र आली नाही. आपल्या विचारविश्वातही ती आली नाही. बाग, हिरवळ, पक्ष्यांचे कूजन हा पोट भरलेल्यांचा विषय आहे, असे आपण मनाशी ठरवून टाकले.

असे ठरवण्यामागे कारण होते. प्रस्थापित मराठी साहित्यातला निसर्ग हा बहुधा फुरसतीचा निसर्ग होता. ज्याच्या वाट्याला गावात झाड म्हणजे सरकारी अंमलदारासाठी फोडायचे सरपण, रान म्हणजे मोळी आणि नदी म्हणजे खालच्या अंगाचे पाणी एवढेच आले, त्याला त्या निसर्गाशी सूर जुळवता आला नाही. जुळवण्याची गरजही नव्हती. पण दुसऱ्याचा निसर्ग नाकारताना आपण निसर्गावरचा आपला हक्कही सोडून दिला काय, हा प्रश्न आज विचारला पाहिजे. कारण आज शहरांत 'हरित पट्टे', 'मोकळ्या जागा', 'निरोगी शहर', 'शाश्वत विकास' ही भाषा जोरात आहे. आणि या भाषेचा पहिला घाव अनेकदा आपल्याच वस्तीवर पडलेला आहे.

मी उपनगरातील एका महाविद्यालयात इतिहास शिकवतो. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. माझ्या वर्गात येणारी बरीच मुले बोरीवली, कांदिवली, मालाड, दहिसरच्या पूर्वेकडील डोंगरउतारावरच्या वस्त्यांतून येतात. त्यांच्या घराच्या मागे मुंबईतले सर्वांत मोठे रान आहे. आणि घरापासून चालत जाऊन बसावे अशी एक धड बाग नाही. ही विसंगती निसर्गाने केलेली नाही. ती इतिहासाने घडवली आहे. म्हणून तिचा विचार इतिहासाच्या अंगाने करायचा हा प्रयत्न आहे.

२

प्रथम एक गोष्ट नीट आठवू. बाग हा आपला विषय नाही असे म्हणणाऱ्याने बाबासाहेबांचे विद्यार्थिदशेतले चरित्र पुन्हा वाचावे. परळच्या चाळीतली एक खोली. त्याच खोलीत स्वयंपाक, त्याच खोलीत झोप, तिथेच घरातला सारा संसार. एल्फिन्स्टन हायस्कुलात जाणारा भीमराव शाळा सुटल्यावर चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसे. त्याच बागेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर फिरायला व वाचायला येत. रोज एकटा बसून वाचणारा हा मुलगा कोण, म्हणून त्यांनी चौकशी केली. ओळख झाली, ती वाढली. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाला तेव्हा सत्काराची सभा भरली. अध्यक्षस्थानी सीताराम केशव बोले होते. केळुसकरांनी त्या सभेत स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र भीमरावाला भेट दिले. पुढे सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती मिळवून देण्यातही केळुसकरांचा हात होता.

या घटनेकडे आपण सहसा एका थोर माणसाच्या आयुष्यातला योग म्हणून पाहतो. तिच्याकडे शहराच्या अंगानेही पाहता येते. ज्या मुलाला शाळेत पाण्याच्या माठाला हात लावता येत नव्हता, त्याला एका बाकावर बसता आले. त्या बाकावर बसायला कुणी जात विचारली नाही, भाडे मागितले नाही. वेगळ्या जातीचा, वेगळ्या वयाचा एक शिक्षित माणूस त्याच्या शेजारी बसू शकला. गावात हे घडले नसते. गावात दोघांना एकत्र बसण्याची जागाच नव्हती. बाबासाहेबांनी आपल्या माणसांना गाव सोडून शहराकडे जायला सांगितले, त्यामागे शहरातील रोजगाराइतकीच अनोळखी माणसांच्या गर्दीत मिळणारी ही मोकळीकही होती.

म्हणजे चर्नी रोडची बाग भीमरावाची अभ्यासिका होती. एका खोलीत राहणाऱ्याला बाग म्हणजे काय असते हे ज्याच्या घरात चार खोल्या आहेत त्याला कळणे कठीण. त्याला बाग म्हणजे सकाळी घाम गाळण्याची जागा. एका खोलीवाल्याला ती अभ्यासाची खोली असते, आजारी म्हाताऱ्याची ओसरी असते, बाळंतिणीला घटकाभर मिळालेली हवा असते, तरुण मुलीला कुणाच्या नजरेखाली न राहता मैत्रिणीशी बोलण्याची जागा असते. घर जितके लहान तितकी बागेची गरज मोठी. नगररचनेचा हा पहिला नियम व्हायला हवा होता. आपल्याकडे नेमका उलटा नियम चालतो : बंगला मोठा तिथे बाग मोठी, आणि खोली लहान तिथे बाग नाहीच.

आता त्या सभेच्या अध्यक्षांकडे वळू. याच बोल्यांनी १९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलात ठराव मांडला : सरकारी पैशाने बांधलेले किंवा सार्वजनिक निधीतून चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. ठराव मंजूर झाला. महाडच्या नगरपालिकेने त्याला धरून चवदार तळे खुले असल्याचे १९२४ साली जाहीर केले. कागदावर तळे खुले झाले. पाण्यापर्यंत पाय जायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला.

'सार्वजनिक' या शब्दाचा आपल्या इतिहासातला अर्थ इथे ठरला. जे सर्वांच्या पैशाने चालते ते सर्वांचे. आणि जे कागदावर सर्वांचे आहे ते प्रत्यक्षात सर्वांचे झाले की नाही हे माणसे तिथे जाऊन वापरू शकतात काय यावरून ठरते. चवदार तळ्याला लावलेली ही कसोटी शहरातल्या बागेला, मैदानाला, समुद्रकिनाऱ्याला आणि राष्ट्रीय उद्यानालाही लावली पाहिजे. आपण ती लावली नाही, म्हणून दुसऱ्यांनी त्या शब्दाचा अर्थ बदलून टाकला.

३

तो अर्थ कसा बदलला हे पाहण्यासाठी प्लेगपर्यंत मागे जावे लागते. १८९६ च्या पावसाळ्याच्या अखेरीस मांडवी भागात प्लेग आला. हवा आणि उजेड नसलेल्या दाट वस्त्या हे रोगाचे घर आहे असे मानून सरकारने १८९८ साली बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. रुंद रस्ते, हवेशीर घरे, मोकळ्या जागा ही त्याची उद्दिष्टे. 'निरोगी शहर' ही कल्पना मुंबईत आली ती अशी.

ट्रस्टचे काम दुहेरी होते. एका हाताने त्याने गरिबांच्या वस्त्या पाडल्या. जितक्या खोल्या पाडल्या तितक्या बांधल्या नाहीत, आणि उठवलेली माणसे शेजारच्या वस्तीत जाऊन ती आणखी दाट झाली. दुसऱ्या हाताने त्याने दादर-माटुंग्याच्या आराखड्यात बागांभोवती आखीव वसाहती उभारल्या. तिथे मध्यमवर्ग राहायला गेला. आजही पाच बागांच्या परिसरातून हिंडताना मुंबई किती सुंदर आखली गेली होती याचे कौतुक वाटते. ते वाटावेच. पण जमाखर्चाची दुसरी बाजूही त्याच वहीत लिहिलेली आहे. मजुरांसाठी ट्रस्टने चाळी बांधल्या. बाबासाहेब दोन दशकांहून अधिक काळ परळच्या अशाच एका बी. आय. टी. चाळीत राहिले. मोठ्या विद्वत्तेला तिथे दोन लहान खोल्या मिळाल्या; बाग मिळाली नाही.

म्हणजे आरोग्याच्या नावाने जागा मोकळी करायची, मोकळी करताना गरीब हलवायचा आणि मोकळ्या झालेल्या जागेची हवा दुसऱ्याने घ्यायची, हा क्रम शंभर वर्षांहून जुना आहे. प्लेगच्या जागी पुढे 'पर्यावरण' हा शब्द आला, एवढेच.

४

आता बोरीवलीकडे येऊ. उपनगराचा हा भाग मूळचा रिकामा होता आणि मग त्यात माणसे घुसली, अशी एक समजूत पसरवली गेली आहे. ती खोटी आहे. या रानात माणसांचा वावर दोन हजार वर्षांचा आहे, आणि त्याचा पुरावा दगडात कोरलेला आहे.

कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी राष्ट्रीय उद्यानाच्या पोटात आहेत. इसवी सनापूर्वीच्या शतकापासून जवळजवळ हजार वर्षे इथे भिक्षुसंघ नांदला. कान्हेरीचे शिल्प पाहून लोक परततात; मी विद्यार्थ्यांना तिथले पाणी पाहायला सांगतो. जवळजवळ प्रत्येक लेण्याशेजारी खडकात खोदलेले टाके आहे. डोंगरावर पडणारा पाऊस पन्हाळींतून त्यात उतरवलेला आहे. एवढा मोठा संघ या उघड्या खडकावर वर्षभर राहू शकला तो या व्यवस्थेमुळे. आणि हे कुणी केले? कान्हेरीचे शिलालेख वाचले तर राजांपेक्षा व्यापारी, कारागीर, गृहस्थ, भिक्षुणी यांची दाने जास्त भेटतात. कल्याणच्या सोनाराचे दान आहे, लोहाराचे आहे. दान कशाचे? पाण्याच्या टाक्याचे, वाटेचे. एका लेखात मंगलठाण गावच्या शेताचा उल्लेख येतो. ते गाव म्हणजे आजचे बोरीवलीतील मागाठाणे असे अभ्यासक मानतात. त्या मागाठाण्यातली बौद्ध लेणी आज वस्तीने वेढलेली आहेत. त्यांच्याकडे नगररचनाकारांचे लक्ष नाही आणि आपलेही फारसे नाही.

कान्हेरीत मला इतिहासाचा एक वेगळा नमुना दिसतो. तिथे रान होते, माणूसही होता. जागा सर्वांसाठी होती आणि तिची निगा सामान्यांच्या दानातून होत होती. रान वाचवायचे तर माणूस हाकलला पाहिजे, हा सिद्धान्त तेव्हा कुणाला सुचला नव्हता.

तो सुचला पाण्याच्या निमित्ताने. मुंबई बेटाची तहान भागवण्यासाठी इंग्रजांनी विहारचा तलाव १८६० साली आणि तुळशीचा १८७९ साली पुरा केला. पाणलोट स्वच्छ राहावा म्हणून आसपासचे रान राखले गेले. साष्टीच्या रानातले वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी आपापल्या पाड्यांवर राहत होते. शहराला पाणी देण्यासाठी त्यांच्या रानावर पहारा बसला. १९४० च्या दशकात कृष्णगिरी या नावाने एक लहान उद्यान राखले गेले. १९६९ नंतर ते वाढत गेले, पुढे 'बोरीवली राष्ट्रीय उद्यान' झाले आणि १९८० च्या दशकाच्या आरंभी त्याला संजय गांधींचे नाव मिळाले. १९७६ साली दिल्लीत तुर्कमान गेटला गरिबांच्या घरांवर बुलडोझर फिरले, त्या मोहिमेशी ज्यांचे नाव जोडले गेले आहे, त्यांचेच नाव या रानाला द्यावे हा योगायोगच म्हणायचा. पण इतिहासात असे योगायोग पुढचे काही सांगून जातात.

५

आज उद्यानाचे क्षेत्र सुमारे १०३ चौरस किलोमीटर मानले जाते. त्याच्या कडेला माणसे कशी आली? पश्चिम उपनगरे उभी करायला दगड लागला, खडी लागली. डोंगराच्या कुशीत खाणी लागल्या. खाणीत सुरुंग लावायला, दगड फोडायला माणसे लागली. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाडा, विदर्भ, पश्चिम महाराष्ट्रातली भूमिहीन माणसे मुंबईकडे लोटली. त्यात दलित मोठ्या संख्येने होते. शहरात जागा नव्हती, डोंगराच्या पायथ्याशी होती. जागा दाखवणारे दलाल होते, पावती न देता पैसे घेणारे हात होते, मते मागायला येणारे पुढारीही होते. रानाच्या सरकारी हद्दीच्या रेषा कागदावर होत्या. झोपडी बांधणाऱ्याला त्या कुणी दाखवल्या नाहीत. ज्यांनी फोडलेल्या दगडावर बोरीवली, कांदिवली, मालाडच्या इमारती उभ्या राहिल्या त्यांना पुढे त्याच इमारतींतून 'अतिक्रमक' म्हणून पाहिले गेले.

१९९५ साली बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल ॲक्शन ग्रुपने मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. ७ मे १९९७ रोजी न्यायालयाने उद्यानातील झोपड्या हटवण्याचा आदेश दिला. १ जानेवारी १९९५ पूर्वीचा पुरावा ज्यांच्यापाशी होता त्यांना ७,००० रुपये भरल्यावर पर्यायी जागा मिळणार होती. बाकीच्यांना काहीच नाही. हजारो झोपड्या पाडल्या गेल्या. पर्यायी जागा प्रथम सुचवली गेली ती कल्याणकडची. रोज पहाटे कांदिवलीच्या नाक्यावर मजुरीसाठी उभे राहणाऱ्याने आणि मालाडच्या चार घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईने कल्याणहून यायचे कसे, हा प्रश्न त्या हिशेबात नव्हता. निवारा हक्क सुरक्षा समितीने लढा दिला. अनेक वर्षांनी चांदिवलीला जुन्या खाणीच्या जमिनीवर संघर्षनगर उभे राहिले आणि काही हजार कुटुंबांना घरे मिळाली. पण ज्यांच्यापाशी ना पुरावा होता ना ७,००० रुपये, ते कुठे गेले याची नोंद सरकारपाशी नाही. ते पुन्हा डोंगरावर गेले किंवा शहराच्या आणखी बाहेर फेकले गेले. रानात पिढ्यान्पिढ्या राहणाऱ्या पाड्यांवरच्या आदिवासींच्या नावापुढेही 'अतिक्रमक' हा शब्द लागू लागला. राष्ट्रीय उद्यान त्यांच्यानंतर आले, ते उद्यानात आले नाहीत, हा साधा कालक्रमही विसरला गेला.

१९९७ च्या मेमध्ये हा आदेश आला. त्याच वर्षी ११ जुलैला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पुतळ्याच्या विटंबनेचा निषेध करणाऱ्यांवर राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला आणि दहा माणसे मेली. दोन्ही घटनांचा एकमेकींशी थेट संबंध नाही. पण दोन्हींत उपनगराच्या कडेची वस्ती आहे आणि तिच्यातल्या माणसाचा जीव व घर किती स्वस्त मानले जाते याचे उत्तरही दोन्हींत सारखेच आहे. १९८५ साली ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो असे म्हटले होते, आणि त्याच निकालात योग्य रीतीने हटवण्याला मोकळीकही दिली होती. तत्त्व आपल्या बाजूचे, हुकूम दुसऱ्याच्या बाजूचा, हे आपल्याला नवे नाही.

६

इथे एक प्रश्न प्रामाणिकपणे घेतला पाहिजे. मग रान नको काय? त्या १०३ चौरस किलोमीटरवर घरे बांधावीत काय?

माझे उत्तर स्पष्ट आहे : रान हवे. आणि ते आपल्यालाच अधिक हवे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. दहिसर, पोयसर, ओशिवरा या नद्या याच डोंगरात उगवतात. मिठीला विहार-पवईच्या सांडव्याचे पाणी मिळते. डोंगरावर झाडे नसती तर त्या दिवशीचे पाणी किती वेगाने खाली आले असते याची कल्पना करवत नाही. आणि नदीच्या काठाला, नाल्याच्या कडेला, दरडीच्या खाली कोण राहतो? पत्र्याच्या छपराखाली एप्रिल-मे कोण काढतो? शहराची हवा तापली की पहिला चटका त्यालाच बसतो. यंत्राने खोली गार करणारा तोच उष्मा बाहेर, त्याच्या दाराशी आणून सोडतो. मोकळ्या हिरव्या जागांचा मनाच्या स्वास्थ्याशी आणि हृदयविकाराशी संबंध आहे असे जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१६ साली पुराव्यांचा आढावा घेऊन मांडले. आपल्या वस्तीतल्या बाईला हे सांगायला अहवालाची गरज नाही.

म्हणून आपला विरोध झाडाला नाही. झाडाच्या आडून चालणाऱ्या वर्गाच्या आणि जातीच्या राजकारणाला आहे. अमिता बाविस्कर यांनी दिल्लीच्या संदर्भात या वृत्तीला 'बूर्ज्वा पर्यावरणवाद' म्हटले आहे. त्याची ओळख सोपी आहे. झोपडीमुळे रान नष्ट होते, असे तो सांगतो. रानाला खेटून उठलेल्या आणि 'जंगलाचे दर्शन' विकणाऱ्या उंच इमारतींबद्दल त्याचा आवाज तेवढा चढत नाही. झोपडीच्या जळणाची काटकी त्याला दिसते.

पण सर्वच पर्यावरणवाद्यांना एका मापाने मोजणेही बरोबर नाही. आरे घ्या. १९४९ साली दुग्धवसाहत म्हणून ही जागा ठरली. तिथले पाडे त्याहून जुने. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी उच्च न्यायालयाने याचिका फेटाळताच त्याच रात्री मेट्रोच्या कारशेडसाठी झाडे तोडायला सुरुवात झाली. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली तोवर दोन हजारांहून अधिक झाडे गेली होती. त्या रात्री रस्त्यावर उतरलेल्यांत इमारतींतली मुले होती आणि पाड्यांवरची वारली माणसेही होती. २९ जणांना अटक झाली. ज्यांनी १९९७ साली एकमेकांकडे शत्रू म्हणून पाहिले असते ते २०१९ साली एका रांगेत उभे राहिले. आदिवासी हा रानाचा शत्रू नसून राखणदार आहे हे शहराच्या एका भागाला उमगू लागले, ही लहान गोष्ट नाही. आता ठाणे-बोरीवली जुळ्या बोगद्याचे भूमिपूजन २०२४ साली झाले आहे; रस्ता याच रानाच्या पोटातून जाणार आहे. रानाच्या काठी झोपडी बेकायदा, रानाच्या खालून मोटारीचा रस्ता कायदेशीर. रस्त्याला विरोधच करावा असे माझे म्हणणे नाही. पण 'रान अस्पर्श राहिले पाहिजे' हा नियम माणूस पाहून लावला जातो. अस्पर्श हा शब्द आपल्याला चांगलाच परिचित आहे.

७

आता हिशेबाचा भाग. २०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख. राष्ट्रीय उद्यानाचे १०३ चौरस किलोमीटर त्यांत वाटले तर माणशी आठ चौरस मीटरहून अधिक रान येते. उद्यानाचा काही भाग ठाण्याकडे आहे हे सोडून दिले तरी आकडा मोठा दिसतो. पण बागा आणि मैदाने म्हणून ज्या जागा खरोखर वापरता येतात त्यांचाच हिशेब केला तर तो माणशी दीड चौरस मीटरच्याही खाली येतो. केंद्र सरकारच्या २०१४ च्या नगररचनेच्या मार्गदर्शक सूत्रांत हे प्रमाण १० ते १२ चौरस मीटर धरले आहे. एका माणसाला झोपायला जितकी जागा लागते तितकीही बाग मुंबईकराच्या वाट्याला नाही; आणि ही सरासरी आहे. सरासरीत मलबार हिलही आहे आणि गोवंडीही.

शिवाय जी जागा आहे तिचे दार कुणासाठी उघडते? अनेक मैदाने 'देखभालीसाठी' खाजगी संस्थांच्या हाती गेली आणि काहींवर सभासदत्वाचे क्लब उभे राहिले. लोकांनी ओरड केल्यावर २०१६ साली नव्या दत्तक धोरणाला स्थगिती द्यावी लागली. माझ्या पदवी परीक्षेच्या काळात मी एका बागेत वाचत बसे. दुपारी शिट्टी वाजे आणि फाटक बंद होई. चाळीतल्या, झोपडीतल्या मुलाला अभ्यासाला जागा हवी असते ती नेमकी दुपारी. पण बागेची वेळ ठरवणाऱ्याच्या डोळ्यांपुढे सकाळ-संध्याकाळ फिरणारा माणूस होता. कान्हेरीला जायचे तर दोन तिकिटे काढावी लागतात, एक उद्यानाचे आणि एक लेण्यांचे. पाच माणसांच्या मजूर कुटुंबाने बुद्धाच्या दर्शनाला जायचे तर आधी खिशाचा हिशेब करावा लागतो. लोहाराने आणि सोनाराने दान देऊन ज्या वाटा व टाकी सर्वांसाठी खुली केली, तिथली ही स्थिती आहे.

बागेत काम करणाऱ्याचाही विचार झाला पाहिजे. पाचोळा झाडणारी, कचरा उचलणारी, शौचकूप धुणारी माणसे कोण आहेत? त्यांची आडनावे पाहिली की बागेच्या हिरवळीखाली जातीची माती तशीच आहे हे कळते. आता त्यात कंत्राटदार आला आहे. हिरवे शहर त्यांच्या हातांनी हिरवे राहते. त्याच बागेच्या बाकावर संध्याकाळी त्यांनी आपली मुले घेऊन बसावे अशी व्यवस्था कुणी केली नाही.

२०२५ च्या जूनमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एक महत्त्वाचा निकाल दिला. मोकळ्या जागांसाठी राखीव भूखंडांवर झोपड्या असतील तर तिथेच पुनर्वसनाची घरे बांधावीत आणि ३५ टक्के जागा मोकळी ठेवावी, या नियमाला २००२ पासून आव्हान दिलेले होते. न्यायालयाने नियम कायम ठेवला आणि ती ३५ टक्के जागा सर्वांना खुली असली पाहिजे असे बजावले. झोपडीवाल्याला हाकलून बाग करा, असे न्यायालय म्हणाले नाही. १९९७ शी तुलना केली तर हा फरक मोठा आहे. पण आपल्या कार्यकर्त्यांनी इथेच थांबू नये. त्या ३५ टक्क्यांत खरोखर झाड लागते काय, की मोटारी उभ्या राहतात? ती जागा पुनर्वसनाच्या उंच इमारतींच्या सावलीतली चिंचोळी पट्टी असते काय? विक्रीच्या इमारतीतला आणि पुनर्वसनाच्या इमारतीतला रहिवासी एकाच फाटकातून तिथे येतो, की मध्ये भिंत आहे? गावकूस काढून टाकल्यावर नवे गावकूस कंपाउंड वॉलच्या रूपाने उभे राहते, हे आपण अनेक ठिकाणी पाहत आहोत.

८

या सर्वांतून काय करावे?

वस्तीनिहाय मोजणी ही पहिली गोष्ट. माझे विद्यार्थी आपापल्या घरापासून सर्वांत जवळच्या बागेपर्यंत पावले मोजून आले, तेव्हा नकाशावर जवळ दिसणाऱ्या बागेच्या वाटेत हमरस्ता असतो, फाटक दुसऱ्या बाजूला असते, आणि मुलींना संध्याकाळी तिथे जाऊ दिले जात नाही, असे त्यांना आढळले. नगरपालिकेचा आकडा यांतले काही सांगत नाही. प्रत्येक वस्तीतल्या कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी ही मोजणी करावी. आपल्या हातात आपला आकडा असल्याशिवाय विकास आराखड्याच्या सुनावणीत आपले कुणी ऐकत नाही. आणि त्या सुनावणीला आपण हरकती-सूचना घेऊन जातही नाही.

बागेची मागणी करताना तिच्यात काय हवे हेही आपणच सांगितले पाहिजे. कारंजे आणि रोषणाई नको. सावलीचे झाड, बाक, पिण्याच्या पाण्याचा नळ, स्त्रियांसाठी शौचकूप, रात्री वाचता येईल असा दिवा आणि दुपारी उघडे फाटक हवे. प्रत्येक बागेत एक अभ्यासिका हवी. चर्नी रोडच्या बागेचे एवढे ऋण तरी आपण मान्य केले पाहिजे. बाग राखणाऱ्या कामगाराला कायम नोकरी आणि पुरा पगार हवा.

रानाच्या बाबतीत आपली भूमिका आदिवासींबरोबर उभी राहण्याची असावी. २००६ च्या वनहक्क कायद्याने वनात राहणाऱ्यांचे हक्क मान्य केले. ते हक्क बोरीवलीच्या रानातल्या पाड्यांना लागू करण्याची मागणी ही आपलीही मागणी आहे. आधी घर, मग हलवणे, आणि तेही कामाच्या जागेपासून चालत्या अंतरावर, हे तत्त्व सोडता कामा नये. कान्हेरी आणि मागाठाण्याची लेणी हा श्रमणांचा आणि श्रमिकांचा वारसा आहे. त्यांच्या राखणीत आणि त्यांच्या खुलेपणात आपल्या संस्थांचा आवाज असला पाहिजे.

चवदार तळ्यावर बाबासाहेब गेले ते तहान लागली म्हणून नव्हे; ते पाणी प्याल्याने आपण अमर होणार नाही हे ते जाणून होते. माणूस म्हणून सर्वांच्या जागेवर आपली समान मालकी आहे हे त्यांना सिद्ध करायचे होते. पाण्याची ती लढाई बऱ्याच ठिकाणी अजून संपलेली नाही. पण शहरातल्या आपल्या पुढच्या पिढीसमोर सावलीची आणि हवेचीही लढाई आली आहे. मागणी तीच आहे : जे सर्वांच्या पैशाने राखले जाते ते सर्वांना वापरता आले पाहिजे, आणि ते राखण्यासाठी कुणाचेही घर मोडले जाता कामा नये. ही मागणी आपण करणार नसू, तर बागा होतील, झाडेही लागतील, आणि त्यांची सावली पुन्हा एकदा दुसऱ्याच्या अंगणात पडेल.